कोरड्या मुलखातील देशी बाग

लोणी काळभोर परिसरातील हवा, माती आणि पावसाशी जुळणाऱ्या वनस्पतींची ओळख व लागवडीची पद्धत

पुण्याहून सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की हडपसर ओलांडल्यानंतर थोड्याच वेळात लोणी काळभोर लागते. उत्तरेला मुळा-मुठेचे पात्र, गावाच्या शिवारातून वाहणारा खडकवासल्याचा कालवा आणि दक्षिणेला रामदऱ्याच्या बाजूचे उघडेबोडके डोंगर, अशी या गावाची ठेवण आहे. कालव्याने इथे ऊस आणला, रेल्वेने आणि महामार्गाने गोदामे व कारखाने आणले, आणि अलीकडच्या काळात शहराने गृहसंकुले आणली. शहरातील सदनिका सोडून इथे छोटा बंगला किंवा भूखंड घेणाऱ्यांची पहिली हौस असते ती बागेची.

ही बाग बहुधा एकाच साच्यातून निघालेली असते. समोर लॉन, कडेने पाम, कुंपणाला लवकर वाढणारी परदेशी झाडे आणि मधे हंगामी फुलांचे वाफे. पहिला पावसाळा व हिवाळा ती देखणी दिसते. मार्च उजाडला, कालव्याचे आवर्तन लांबले, विंधनविहिरीचे पाणी खाली गेले, की मग टँकर येऊ लागतो. बाग पाण्यावर जगते हे खरे. पण ती कुणाच्या पाण्यावर जगते, हा प्रश्न या पट्ट्यात टाळता येत नाही. खडकवासला साखळीतील धरणांच्या पाण्यावर पुणे शहराचाही हक्क आहे आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीचाही. या दोघांच्या ओढाताणीत लॉनसाठी पाणी मागणे कठीण आहे. म्हणूनच या हवेत आपणहून टिकणाऱ्या वनस्पतींची बाग हा इथे केवळ आवडीचा विषय राहिलेला नाही.

पाऊस आणि माती

लोणी काळभोर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर आहे. हवा एकंदरीत सौम्य. हिवाळ्यात पहाटेचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. उन्हाळ्यात दुपारी ते अडतीस-चाळीसवर जाते, पण रात्री बऱ्याच अंशी सुसह्य असतात. हिमतुषार झाडे मारून टाकतील असे इथे सहसा घडत नाही. खरी अडचण थंडीची नसून पाण्याची आहे.

सह्याद्री ओलांडून येणारे नैऋत्य मोसमी वारे आपला बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच टाकून येतात. ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि दौंडकडे सरकताना पाचशेच्या खाली घसरतो. ताम्हिणी ते लोणी हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. एवढ्या थोड्या अंतरात पाऊस दहापटीने घटतो, ही गोष्ट बाग लावणाऱ्याने मनावर कोरून ठेवावी. पाऊसही चार महिन्यांतच पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे.

जमिनीचेही दोन प्रकार आहेत. नदी आणि कालव्याच्या बाजूला खोल काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वर्षानुवर्षे जादा पाणी दिलेल्या जागी ती खारवटही होते. डोंगराच्या बाजूला मात्र वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. भूखंड कोणत्या जमिनीवर आहे, हे एक दोन फुटी खड्डा खणून पाहिले तरी कळते. रोपे आणण्याआधी हा खड्डा खणावा.

‘देशी’ म्हणजे कुठले?

‘देशी झाडे लावा’ हा सल्ला आता सर्वत्र ऐकू येतो. परंतु देशी या शब्दाने फसगतही होते. सीताअशोक देशी आहे, सुरंगी देशी आहे, नागकेशर देशी आहे. तरी ही सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या जंगलांतील झाडे आहेत. लोणीच्या मुरमाड माळावर ती लावली, तर गुलमोहरापेक्षाही अधिक पाणी मागतील आणि तरीही कोमेजतील. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेला ताम्हणही मूळचा कोकणातील ओढ्या-नाल्यांच्या काठचा. कालव्याजवळच्या ओलाव्यात तो फुलेल, माळावर नव्हे.

झाड राज्याचे नसते, पावसाचे असते. आपल्याइतक्याच पावसात आणि आपल्यासारख्याच मातीत जे पिढ्यान्‌पिढ्या आपोआप उगवत आले, ते आपले स्थानिक झाड. या कसोटीवर रामदऱ्याच्या डोंगरउतारावरचे बोराचे झुडूप कोकणातल्या कोणत्याही देखण्या वृक्षापेक्षा लोणीला जवळचे आहे. पुण्यातील कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक वनस्पती कुठे आढळते याच्या नोंदी आहेत. आजही त्या नोंदी पाहून अमुक झाड कोकणचे की देशावरचे, हे ठरवता येते.

याच कारणाने परदेशी पुस्तकांतील ‘कोरड्या बागे’चे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भूमध्य समुद्राकाठी किंवा कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. तिथले लॅव्हेंडर आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आणि चिकट काळ्या मातीत मुळाशी कुजते. कोरडेपणा सारखा असला, तरी त्याचे वेळापत्रक उलटे आहे.

माळरानाचा नमुना

लोणीच्या पूर्वेचा हा मुलूख मूळचा घनदाट जंगलाचा नाही. गवताळ माळ, त्यावर विखुरलेली काटेरी व पानझडी झाडे आणि ओढ्याकाठी थोडी दाटी, असे त्याचे नैसर्गिक रूप. ते पाहायचे असेल, तर बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. अवघ्या पाच चौरस किलोमीटरच्या या माळावर चिंकारा राहतात आणि गवत, बोर, बाभूळ, हिवर यांचा मेळ दिसतो.

गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. त्यामुळे अशा जागी दाट झाडी उभी करणे हेच निसर्गकार्य असे मानले जाते. पुण्याच्या टेकड्यांवर त्यातूनच गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही मध्य अमेरिकेकडची झाडे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावण्याची मियावाकी पद्धतही आता लोकप्रिय आहे. तिला पहिली दोन-तीन वर्षे नियमित पाणी द्यावे लागते, आणि माळाच्या मुलखात ती मूळचे गवत झाकून टाकते. लोणीच्या बागेने जंगलाची नव्हे, माळाची नक्कल करावी. थोडी झाडे, बरीच झुडपे, भरपूर गवत आणि मधे मोकळी जागा.

पाण्याचा हिशेब

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हे साधे कोष्टक ध्यानात ठेवले, की बागेचा हिशेब घरी बसून मांडता येतो.

एक हजार चौरस फूट लॉन म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. कोरड्या महिन्यांत त्याला दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर पाणी दिले, तर रोजचे ४६५ लिटर होतात. आठ महिन्यांचे धरले, तर एक लाख लिटरच्या वर.

आता तेवढ्याच आकाराचे छप्पर घेऊ. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरला आणि त्यातील वीस टक्के वाया गेला, तरी छपरावरून सुमारे ३७ हजार लिटर पाणी मिळते. म्हणजे घराने गोळा केलेले सगळे पाणी लॉनला दिले, तरी ते जेमतेम तीन महिने पुरेल.

तिसरा आकडा देशी झाडांचा. वीस रोपे, प्रत्येकाला आठवड्याला दहा लिटर, असे पस्तीस आठवडे दिले तर एकूण सात हजार लिटर लागतात. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे. तिसऱ्या वर्षापासून बहुतेक झाडांना पाणी लागत नाही. सात हजार लिटर म्हणजे छपरावरच्या पाण्याचा पाचवा हिस्सा. तो एका मध्यम टाकीत साठतो. उरलेले पाणी शोषखड्ड्यात सोडता येते. घराच्या छपरावर पडणाऱ्या पाण्यात बाग भागली पाहिजे, हाच या बागेचा नियम मानावा.

वृक्षांची निवड

भूखंड लहान असेल, तर दोन-तीन झाडे पुरेत. मेडशिंगी हे त्यातले पहिले नाव. मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगांवरून तिला हे नाव मिळाले. तिची पांढरी सुवासिक फुले उन्हाळ्यात रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडतो. मुरमाड जमीन तिला मानवते.

आपटा दुसरा. दसऱ्याला आपण त्याची पाने वाटतो, पण बाजारात आपट्याच्या नावाखाली बहुधा कांचनाच्या फांद्या येतात. अंगणात आपटा असला, की चार पाने तोडून सण साजरा होतो आणि डोंगरावरची झाडे ओरबाडली जात नाहीत.

बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लहडतो. जागा थोडी मोठी असेल, तर पळस, पांगारा, काटेसावर यांपैकी एक अवश्य असावे. तिन्ही झाडे फुलांच्या वेळी बहुधा निष्पर्ण असतात. जानेवारी ते मार्च या काळात जेव्हा माळावर फारसे काही नसते, तेव्हा त्यांच्या लाल-केशरी फुलांवर मैना, कोतवाल, शिंजीर आणि भोरड्यांची झुंबड उडते. काटेसावर पुष्कळ उंच होते, म्हणून ती घरापासून दूर लावावी.

अगदी उथळ मुरमावर हिवर, खैर, गणेर आणि बोर हीच खरी मित्रमंडळी. हिवर पावसाळ्यात मलईरंगी फुलांनी भरून जातो. गणेराची पिवळीधमक मोठी फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी पर्णहीन फांद्यांवर येतात. काळ्या मातीत बाभूळ, करंज, भोकर चांगले वाढतात. भोकराच्या फळांचे लोणचे होते, हा वरचा लाभ. वड, पिंपळ, उंबर हे पक्ष्यांचे अन्नछत्र खरे, परंतु त्यांची मुळे पाया आणि जलवाहिन्यांत शिरतात. ते सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा गावाच्या गायरानात लावावेत, बंगल्याच्या कुंपणात नव्हे.

झुडपे, वेली आणि गवते

बागेचा जीव झुडपांत असतो. तरवड हे या मुलखाचे सर्वांत दुर्लक्षित फुलझाड. रस्त्याकडेला, कोणी पाणी न देता, पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत ते पिवळे फुललेले असते. कातडी कमावण्यासाठी त्याची साल पूर्वी वापरली जाई. तरवड आणि बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. रुईवर केशरी पंखांची फुलपाखरे अंडी घालतात. पाने खाल्लेली दिसली म्हणून औषध फवारू नये. फुलपाखरू हवे असेल, तर अळीला जेवू घालावेच लागते.

कुंपणासाठी करवंद उत्तम. त्याचे काटे गुरांना अडवतात, फुले सुवासिक असतात आणि मे महिन्यात फळे मिळतात. निर्गुडी, अडुळसा यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. धायटी हिवाळा संपताना लाल फुलांनी भरते. मुरुडशेंग, कोरांटी आणि चित्रक अर्ध्या सावलीत निभावतात. वेलींमध्ये गुळवेल, शतावरी आणि कुसर या बारमाही आहेत. कळलावी पावसाळ्यात अग्निज्वाळेसारखी फुलते आणि मग कंदात झोपी जाते. तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी ती टाळावी. रुईचा चीकही डोळ्यांना अपायकारक असतो.

लॉनची जागा हरळीने घ्यावी. दूर्वा म्हणून आपण जिची पूजा करतो, ती हीच. चालण्या-बसण्यापुरता छोटा तुकडा ठेवावा. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल आणि पहिल्या वळवाने पुन्हा हिरवी होईल. कडेच्या भागात मारवेल, पवना ही गवते वाढू द्यावीत. कुसळी दिसायला सुंदर, पण तिची कुसळे कपड्यांत घुसतात, म्हणून ती वाटेपासून लांब.

ज्यांच्याकडे अंगण नाही, केवळ सज्जा आहे, त्यांनाही कोरांटी, अडुळसा, चित्रक, शतावरी आणि दूर्वा कुंडीत लावता येतात. कुंडी मातीची असावी आणि पाणी साचू देऊ नये.

रोपे आणि लागवड

लोणीच्या पुढे सोरतापवाडी, उरुळी कांचन या भागात महामार्गाच्या दुतर्फा रोपवाटिका आहेत. शोभेच्या रोपांची तिथे रेलचेल असते. मेडशिंगी किंवा हिवर आपणहून समोर येत नाही, मागावा लागतो. ग्राहक मागतील तेच रोपवाटिका वाढवणार, हे लक्षात घेऊन मागणी करत राहावी. वनविभाग व सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतही देशी रोपे मिळतात.

मोठे रोप घेण्याचा मोह टाळावा. पिशवीत दीर्घकाळ राहिलेल्या रोपाची मुळे गोल वेटोळी घेतात आणि जमिनीत गेल्यावरही सरळ खाली उतरत नाहीत. कोरड्या मुलखात सोटमूळ हेच झाडाचे भांडवल. दीड-दोन फुटांचे तजेलदार रोप पाच फुटी रोपाला काही वर्षांत गाठते.

बियांपासून रोपे करणे अधिक समाधानाचे. बहावा, बाभूळ, खैर यांच्या कठीण कवचाच्या बियांवर गरम पाणी ओतून त्या रात्रभर भिजत ठेवाव्यात. पळस आणि कडुनिंबाचे बी मात्र ताजेच पेरावे. कडुनिंबाच्या बियांची उगवणक्षमता काही आठवड्यांतच घटते. पांगारा जाड फांदी रोवूनही लागतो.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत. काळ्या मातीत दीड-दोन फूट, मुरमात तीन फूट. निघालेल्या मातीत एक-दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा. चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर, जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला रोप लावावे, म्हणजे मुळांना तीन महिने ओलावा मिळतो. आळे रोपाच्या बुंध्यापासून थोडे लांब करावे आणि त्यावर चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. बागेतील पाचोळा जाळणे म्हणजे आपलेच खत आणि आपलीच ओल जाळणे होय.

पहिल्या उन्हाळ्यासाठी मडक्याची जुनी युक्ती आजही चांगली आहे. न रंगवलेले मातीचे मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून झाकण ठेवावे. पाणी मडक्यातून हळूहळू पाझरते आणि वाफ होऊन उडत नाही. आठवड्यातून एक-दोनदा मडके भरले की पुरते.

आधीपासूनची झाडे

देशी बाग करायची म्हणून अंगणातील जुना गुलमोहर तोडण्याचे कारण नाही. तो मादागास्करचा असला, तरी त्याची सावली आज मिळते आहे, आणि झाड तोडण्यास परवानगीही लागते. चिंच मूळची आफ्रिकेची मानली जाते आणि मिरची अमेरिकेतून आली. तरी त्यांना आपण परके म्हणत नाही. भेद करावा तो पसरणाऱ्या झाडांचा. घाणेरी, सुबाभूळ यांचे बी कुंपण ओलांडून माळावर जाते आणि तिथले गवत गिळते. कोनोकार्पस या लवकर वाढणाऱ्या झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. अशी झाडे नव्याने लावू नयेत एवढे पथ्य पुरेसे आहे.

उलट बाजूही सांभाळावी. डोंगरावरची कंदवर्गीय झाडे, विशेषतः सह्याद्रीतील दुर्मीळ खर्पुडीचे कंद, बागेसाठी उपटून आणू नयेत. माळ उजाड करून अंगण सजवणे हे देशी बागेच्या हेतूलाच छेद देणारे आहे.

वर्षाची लय

या बागेत सर्वांत कठीण काम खड्डे खणण्याचे नाही, वाट पाहण्याचे आहे. डिसेंबरनंतर गवत वाळते. ते घराजवळ कापून आच्छादनाला वापरावे, म्हणजे वणव्याची आणि सापांची भीती राहत नाही. फेब्रुवारीत पाने गळतात. शहरी डोळ्याला ही बाग मेल्यासारखी वाटते आणि हात नळाकडे जातो. तो आवरावा. पाने टाकणे ही झाडाची पाणी वाचवण्याची रीत आहे. त्याच उघड्या फांद्यांवर पळस पेटतो, एप्रिलमध्ये बहावा लोंबू लागतो आणि पाऊस यायला अजून कित्येक आठवडे असताना, मे महिन्याच्या रखरखाटात, पानझडी झाडांना कोवळी पालवी फुटते.

लॉनचा मालक वर्षभर हिरवा रंग विकत घेतो. देशी बागेच्या मालकाला तो चार महिने फुकट मिळतो आणि उरलेले आठ महिने फुले, शेंगा, पक्षी व पाचोळा यांचा हिशेब ठेवावा लागतो. पुढच्या पावसाळ्याआधी एकदा रामदऱ्याकडे चालत जावे, कोणते झाड पाण्याशिवाय हिरवे आहे ते पाहावे, त्याचे नाव विचारून घ्यावे. बागेची यादी तिथूनच सुरू करावी.